"इन्सुलिन सगळं एकच" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापुरातल्या प्रत्येक ग्रुपवर, तालमीच्या, सोसायटीच्या, भिशीच्यासुद्धा, एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं, की इन्सुलिन सगळं एकच असतंय, कंपन्या नुसती नावं बदलून पैसे काढतात, तवा स्वस्त मिळेल ते घ्या आणि दिवसातनं एकदा झोपताना टोचा. गढूळ दिसलं तर खराब समजून टाका, उन्हाळ्यात फ्रीजरला ठेवा, आणि शेवटी काय तर इन्सुलिननं किडनी जातीय, जमलं तर बंदच करा. मी मेडिकलच्या काउंटरवर असतो. हा मेसेज दाखवून लोक इन्सुलिन बदलून मागायला लागलेत, म्हणून हे लिहितोय.

"सगळं एकच" हे पहिल्यांदा घेऊ, कारण बाकीचा घोळ ह्यातनंच सुरू होतोय. सगळ्याचं काम साखर खाली आणायचंच, ते बरोबर, पण कामाला कधी लागतंय आणि किती वेळ टिकतंय ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. साध्या रेग्युलर इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या गठ्ठ्यात असतात, ते कातडीखाली सुटे होऊन रक्तात जायला अर्धा तास लागतोय, जोर २ ते ४ तासांनी येतोय आणि असर ६ ते ८ तास राहतोय, म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं. लिस्प्रो, अस्पार्ट, ग्लुलिसिन ही त्याचीच सुधारलेली भावंडं, त्यांचे गठ्ठे पटकन सुटतात, १०-१५ मिनिटांत काम सुरू, १-२ तासांत जोर आणि ३ ते ५ तासांत विषय संपला. ही ताट समोर आल्यावर किंवा फार तर १५ मिनिटं आधी. घरात लिस्प्रो टोचून मिसळ खायला निघालात आणि तिथं पाऊण तास रांग लागली, तर कट आणि ब्रेड पुढ्यात यायच्या आत हातपाय थरथरायला लागतील.

आता "झोपताना एकदाच." हे ग्लार्जिन, डिग्लुडेक ही दिवसभर पुरणारी इन्सुलिनं घेणाऱ्यांचं अर्धवट ऐकून लिहिलंय. ग्लार्जिन बाटलीत आम्लयुक्त आणि स्वच्छ असतं, कातडीखाली गेलं की त्याचे बारीक कण बनतात आणि ते दिवसभर हळूहळू विरघळत राहतात, म्हणून साधारण २४ तास पुरतं. डिग्लुडेक ४२ तासांपर्यंत. ही रोज ठराविक वेळेला घ्यायची, जेवणाशी संबंध नाही (आणि ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये कधीच मिसळायचं नाही). पण आपल्याकडं बऱ्याच जणांना ३०/७० असतंय, म्हणजे ३० टक्के रेग्युलर आणि ७० टक्के एनपीएच (रेग्युलरपेक्षा हळू, जास्त वेळ चालणारं इन्सुलिन), ते साधारणपणे नाष्ट्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास. तेच कुणी मेसेज वाचून जेवणानंतर झोपताना टोचलं तर मध्यरात्री, सगळं घर झोपलेलं असताना, साखर खाली जाणार. हा मेसेज लिहिणाऱ्यानं निदान एवढा तरी विचार करायचा की.

गढूळपणाचं तर उलटंच आहे. एनपीएचमध्ये प्रोटामिन नावाचं प्रथिन घालून इन्सुलिनचे स्फटिक केलेले असतात, १९४० च्या दशकापासनंची पद्धत, त्यामुळं एनपीएच आणि ३०/७० दुधाळच दिसणार. घ्यायच्या आधी तळहातात हलकं फिरवायचं, जोरात हलवायचं नाही. न मिसळता घेतलं तर आज कमी, उद्या जास्त असा प्रकार होतोय. स्वच्छ असायला पाहिजे ते रेग्युलर, ग्लार्जिन वगैरे, ते गढूळ झालं तर टाका. गुठळ्या, दाणे दिसले तर कुठलंही टाका.

फ्रीजर नको, एकदा गोठलं की वाया. न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, वापरातलं साधारण ४ आठवडे बाहेर, ३० डिग्रीच्या आत. मे महिन्यात घर तापत असेल तर ओल्या मडक्यात ठेवा.

मेसेजात नसलेली, पण "एकच" म्हणण्यातनं होणारी सगळ्यात वाईट चूक म्हणजे सिरिंज. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या ४० च्या, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, पेनची कार्ट्रिज १०० ची. ४० च्या सिरिंजला लाल टोपी, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट गेलं, अडीचपट!

साखर ७० च्या खाली गेली, घाम सुटला, तर ३ चमचे साखर पाण्यातनं, १५ मिनिटांनी परत तपासा. त्यावेळी पेढा नको, त्यातल्या स्निग्धपणामुळं साखर उशिरा चढतीय. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

किडनी इन्सुलिननं जात नाही, वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं जातीय. गोळ्या पुरेनाशा झाल्यावर इन्सुलिन सुरू होतंय तवर बऱ्याचदा किडनीला धक्का बसलेलाच असतोय आणि नाव इन्सुलिनचं. गरोदरपणात किंवा ऑपरेशनपुरतं लागलेलं पुष्कळदा नंतर सुटतंय, डॉक्टरच बंद करतात. टाइप १ वाल्यानं, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही त्यानं, मात्र एक-दोन दिवस जरी बंद केलं तरी रक्तात आम्ल साठून जिवावर बेततंय.

महाग आहे ही तक्रार मात्र खरी, त्यात वाद नाही. रेग्युलर, एनपीएच, ३०/७० नव्या इन्सुलिनपेक्षा बरीच स्वस्त आहेत आणि वेळा पाळल्या तर अनेकांचं त्यावर नीट चालतंय. पण बदलताना डोस आणि वेळ दोन्ही बदलावं लागतंय, तवा डॉक्टरांना खर्चाचं स्पष्ट सांगा, त्यांच्याकडनं लिहून आणा, मी लगेच काढून देतो.