‘कोट्यातली मंत्री’ म्हणण्याआधी ओमोबोला जॉन्सन यांचं काम बघा

आफ्रिकेतल्या उच्चशिक्षित महिला मंत्र्यांचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर फिरत येतो. या बायका कधी निवडून येत नाहीत, त्यांना महिला कोट्यातून खुर्ची मिळते, खात्यात त्यांच्या हातून काही घडत नाही आणि इंजिनिअरिंगची पदवी मात्र फुकट जाते. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे आणि हे वाचून मला मनापासून राग येतो. म्हणून नायजेरियाच्या माजी संपर्क तंत्रज्ञान मंत्री ओमोबोला जॉन्सन यांच्या कारकिर्दीवर हा दावा तपासून पाहते.

‘निवडून आल्या नाहीत.’ खरंय, पण तिथे मंत्री निवडून आलेला नसतोच. नायजेरियात अध्यक्षीय पद्धत आहे. राष्ट्राध्यक्ष नावं सुचवतात, सिनेट मंजुरी देतं. उलट एखादा खासदार मंत्री झाला, तर त्याला आपली जागा सोडावी लागते. आपण दिल्ली-मुंबईच्या सवयीने बघतो, म्हणून हा आरोप वाटतो.

‘कोटा होता.’ यात थोडं तथ्य आहे, तेही सांगते. 2011 साली गुडलक जोनाथन यांनी 35 टक्के पदं महिलांना देण्याचं आश्वासन दिलं होतं आणि मंत्रिमंडळात साधारण एक तृतीयांश महिला आल्या. आज जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख असलेल्या न्गोझी ओकोंजो-इवेला त्यातच अर्थमंत्री होत्या. पण नायजेरियाच्या राज्यघटनेत जो कोटा लिहिलाय तो राज्यांचा: 36 राज्यांपैकी प्रत्येकातून किमान एक मंत्री घ्यावाच लागतो. त्या वाटेने आलेल्या पुरुषाला कुणी ‘कोट्यातला’ म्हणत नाही. आणि जॉन्सन आल्या त्या काय घेऊन? मँचेस्टरची इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, लंडनच्या किंग्ज कॉलेजमधलं डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचं पदव्युत्तर शिक्षण, अ‍ॅक्सेंचर या सल्लागार कंपनीतली साधारण 25 वर्षं आणि शेवटी त्या कंपनीच्या नायजेरियातल्या कामाची पूर्ण जबाबदारी.

‘काही घडलं नाही.’ इथे जरा थांबू या, कारण दाव्यातला सगळ्यात चुकीचा भाग हाच आहे.

संपर्क तंत्रज्ञान हे खातंच 2011 साली नवं निघालं. त्या पहिल्या मंत्री. तेव्हा इंटरनेटची अडचण समुद्रात नव्हती. 2010 मध्ये मेनवन कंपनीची समुद्राखालची इंटरनेट केबल पोर्तुगालहून सुमारे 7,000 किलोमीटर अंतर कापून लागोसच्या किनाऱ्याला लागली होती. ती कंपनी उभी करणाऱ्या फुंके ओपेके याही इलेक्ट्रिकल इंजिनिअरच. बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, किनाऱ्यावर येऊन पडली होती, पण आत उत्तरेतल्या कानो शहरापर्यंत, गावापर्यंत न्यायची तर रस्त्याकडेला चर खणायला हवा आणि चर खणायचा तर राज्य सरकारला मीटरमागे पैसे मोजायला हवेत. पुण्या-मुंबईत खोदाईच्या परवानगीसाठी पालिकेचे उंबरे झिजवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

जॉन्सन मंत्री असताना, 2013 साली, केंद्र आणि राज्यांत मीटरला 145 नायरा (नायजेरियाचं चलन) असा दर ठरला. किलोमीटरला 1 लाख 45 हजार. पण अनेक राज्यांनी तो पाळला नाही. एकिटी राज्यात 2020 पर्यंत मीटरला 4,500 नायरा लागत होते, म्हणजे त्याच एका किलोमीटरला 45 लाख! केबल तीच, माती तीच. 2020 मध्ये एकिटीने दर उतरवला तो नेमका 145 वर. सात वर्षं कागदावर पडून असलेला आकडाच अखेर कामाला आला.

त्याच 2013 मध्ये राष्ट्रीय ब्रॉडबँड योजना आली. ब्रॉडबँड म्हणजे किमान 1.5 एमबीपीएस वेगाचं इंटरनेट अशी व्याख्या आणि ब्रॉडबँडचा प्रसार सुमारे 6 टक्क्यांवरून 2018 पर्यंत 30 टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट. ती जॉन्सन यांनी एकटीने लिहिली नाही. दूरसंचार नियामक संस्थेचे माजी प्रमुख अर्नेस्ट एन्डुक्वे आणि झेनिथ बँकेचे संस्थापक जिम ओव्हिया यांच्या समितीने आखली. आकडा वाढला तोही मुख्यतः मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यावर. पण 2018 संपता संपता 30 टक्क्यांची रेषा ओलांडली गेली, आणि तोवर जॉन्सन यांना पद सोडून तीन वर्षं झाली होती. मंत्री गेल्यावर आणि सरकार बदलल्यावरही जी योजना मोजपट्टी म्हणून टिकते, तिला ‘काही घडलं नाही’ म्हणणं हा सरळसरळ अन्याय आहे.

‘पदवी वाया गेली.’ यावर फार बोलायला नको. मंत्रिपदानंतर त्या टीएलकॉम कॅपिटलमध्ये भागीदार झाल्या. ही संस्था आफ्रिकेतल्या नव्या तंत्रज्ञान कंपन्यांत पैसे घालते. 2020 साली तिचा 7 कोटी 10 लाख डॉलरचा फंड पूर्ण झाला, 2024 मध्ये 15 कोटी 40 लाखांचा. तिथे समोर बसलेला तरुण आपलं सॉफ्टवेअर, आपलं नेटवर्क समजावून सांगतो, तेव्हा टेबलापलीकडे डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली आणि मीटरमागच्या दरासाठी राज्यांशी भांडण काय असतं हे आतून पाहिलेली बाई असते.