‘साखर नाही म्हणे, पण गोडमिट्ट’ या अभिप्रायास उत्तर

नमस्कार. नागपूरहून मे महिन्यात मागवलेल्या आमच्या खजूर-राजगिरा बारबद्दल आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. बार गोडमिट्ट आहे आणि मधुमेह असलेल्या आपल्या वडिलांची साखर तो खाल्ल्यावर वाढली, पाकीट फोडताच तो हातात मोडला, धान्य नाही म्हणून सांगताना त्यात राजगिरा घातला आहे, आणि एवढ्या किमतीत तो जेमतेम तीन आठवडे टिकतो, असे आपले म्हणणे आहे.

वडिलांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. आमच्या पाकिटावर ‘रिफाइंड साखर वापरलेली नाही’ असे छापले आहे. ‘शुगर फ्री’ असे कुठेही छापलेले नाही, आणि ते छापताही येणार नाही, कारण अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर तो दावा करता येत नाही. ‘वेगळी साखर घातलेली नाही’ हे वाक्यही आम्ही जाणूनबुजून टाळतो, कारण साखरेच्या जागी सुक्या फळांचा लगदा वापरणाऱ्या पदार्थाला त्याच नियमांनी ती मुभा दिलेली नाही, आणि आमच्या मते हा नियम अगदी रास्त आहे. सुक्या खजुराच्या वजनाचा साधारण दोनतृतीयांश भाग साखरच असते. आमच्या ४० ग्रॅमच्या बारमध्ये सुमारे १८ ग्रॅम खजूर असतो, म्हणजे साखर १२ ग्रॅमच्या आसपास, चहाचे तीन चमचे. खजुरातील तंतू आणि शेंगदाण्यातील स्निग्धांश यांमुळे ती रक्तात काहीशी सावकाश उतरते, पण उतरतेच. त्यामुळे मधुमेही व्यक्तीने हा बार मोकळेपणाने खावा असे आम्ही कधीही सुचवणार नाही. दुकानात कोणी तसे विचारले तरी आम्ही नाहीच म्हणतो. (गुळाविषयीही लोकांचा असाच गोड गैरसमज असतो.)

आता बार मोडण्याविषयी. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असते आणि ओट्समधला स्टार्च ओलावा व उष्णता मिळताच चिकट होतो, त्यामुळे धान्याचे बार एकसंध राहतात. आमच्याकडे ते काम खजुराचा लगदा आणि भिजवलेल्या जवसाचा बुळबुळीत चिकटपणा करतो. चिक्कीला गुळाचा पक्का पाक जसा कडक धरून ठेवतो, तशी पकड त्यांना नसते. ओव्हनही आम्ही १५० अंशांवरच ठेवतो, कारण खजुरातील साखर लवकर करपते, आणि करपली की कडवट लागते. त्यात भर म्हणजे खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपासच वितळते, तेव्हा नागपूरच्या मे महिन्यात कुरियरच्या गाडीतून आलेला बार लिबलिबीत असणारच. तो तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग कापावा, ही सूचना पाकिटाच्या मागे आहे. वितळबिंदू वाढवलेली चरबी घालून तो घट्ट करता येईल. ते आम्ही करणार नाही.

राजगिऱ्याबद्दलचा आपला आक्षेप मला पटण्याजोगा वाटतो, पण पूर्णपणे नाही. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या गवताच्या कुळातल्या वनस्पती आहेत. राजगिरा त्या कुळातला नाही, म्हणूनच तो उपवासालाही चालतो आणि त्यात ग्लुटेनही नसते. परंतु त्याच्या दाण्यात स्टार्च भरपूर असतो. तेव्हा ज्यांनी पचनासाठी किंवा ग्लुटेनच्या त्रासामुळे धान्य सोडले आहे, त्यांना तो चालावा. ज्यांनी पिष्टमय पदार्थ कमी करायचे म्हणून धान्य सोडले आहे, त्यांनी आमचा तीळ, बदाम आणि भोपळ्याच्या बियांचा बार घ्यावा. त्यात राजगिरा नाही, खजूरही निम्माच आहे, आणि गोडीही त्याच मानाने कमी आहे.

टिकण्याचे कारण साधे आहे: जवस आणि अक्रोड यांतील तेल हवेने लवकर खवट होते. किंमत बदाम-अक्रोडांच्या भावावर ठरते, आणि ती कमी करता येणार नाही.

आपल्याकडे उरलेली न फोडलेली पाकिटे परत पाठवावीत. त्यांचे पैसे आणि परतीचा कुरियरचा खर्च आम्ही देऊ. वडिलांसाठी पर्याय हवा असेल तर बियांच्या बारच्या पाकिटावरील साखरेचा आकडा त्यांच्या डॉक्टरांना दाखवून मगच मागवावा.