जंताची गोळी, गरोदर बाई आणि एक फिरता मेसेज

जंतनाशक दिनाची तारीख जवळ आली की नाशिकच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास उगवतो. सिडको, पाथर्डी फाटा, म्हसरूळ, सगळीकडे तोच. थोडक्यात मजकूर असा: ‘सावधान! शाळेत, अंगणवाडीत वाटली जाणारी जंताची गोळी मुलांना देऊ नका. शहरातल्या मुलांना जंत नसतातच. परदेशी शास्त्रज्ञांनीच ही गोळी निरुपयोगी ठरवली आहे. गरोदर बाईने घेतली तर गर्भ पडतो. जंत खरं तर प्रतिकारशक्ती वाढवतात. गोळी खाऊन मुलं चक्कर येऊन पडली आहेत. त्यापेक्षा घरचं वावडिंग द्या. जास्तीत जास्त शेअर करा.’

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, शौच तपासणीच्या स्लाइड बघणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे हा मेसेज वाचून नुसतं डिलीट करणं जमत नाही. त्यातली गंमत (आणि धोका) अशी की तो सरसकट खोटा नाही. जवळपास प्रत्येक वाक्यात सत्याचा एक तुकडा आहे, आणि तो चुकीच्या जागी बसवलेला आहे.

‘शहरातल्या मुलांना जंत नसतातच’

जंत म्हणजे एकच प्राणी नव्हे. मातीतून पसरणारे मुख्य तीन: गोलकृमी, चाबूककृमी आणि अंकुशकृमी, म्हणजे हुकवर्म. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात यांपैकी काही ना काही आहे. गोलकृमीची एक मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते, आणि ती अंडी ओलसर मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरतात. सांडपाण्यावर पिकलेली कोथिंबीर न धुता चिरली की ती थेट ताटात. शिवाय सुतासारखे पांढरे बारीक जंत आहेत, ज्यांनी मुलं रात्री ढुंगण खाजवत उठतात. त्यांना माती लागतच नाही. नखं, चादरी आणि वर्गातला शेजारी पुरतो. इंग्रजी शाळेची फी भरून त्यांच्यापासून सुटका होत नाही.

अंकुशकृमीचं मात्र वेगळं आहे. त्याची अळी ओलसर, सावलीच्या, शौचाने दूषित झालेल्या मातीत आठवडाभरात तयार होते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तिथून रक्तातून फुप्फुसात, खोकल्याबरोबर घशात, गिळली की आतड्यात. पायाच्या बेचक्यात खाज सुटते, आणि पावसाळ्यात ती चिखल्या समजून सोडून दिली जाते. बूट घालून शाळेच्या बसमध्ये चढणारा मुलगा यापासून खरोखरच बराच सुरक्षित आहे, एवढं मेसेजच्या बाजूने मान्य. पण नाशिक म्हणजे गंगापूर रोड एवढंच नाही. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या भातखाचरांत आवणी अनवाणीच होते. आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येतात, बागेच्या कडेला पाल ठोकून राहतात. त्या पालाजवळ संडास किती ठिकाणी असतो, हे बागायतदारांनीच सांगावं.

‘परदेशी शास्त्रज्ञांनीच गोळी निरुपयोगी ठरवली’

मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

वाद खरा आहे. केनियातल्या ७५ शाळांमध्ये १९९८ पासून झालेल्या एका प्रयोगावरून एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी २००४ साली मांडलं की जंताच्या गोळीने मुलांची गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. क्रेमर यांना पुढे २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण २०१५ साली त्या अभ्यासाची आकडेमोड दुसऱ्या संशोधकांनी पुन्हा केली आणि काही चुका सापडल्या. मोठं भांडण जुंपलं. कॉक्रेन ही वैद्यकीय पुराव्यांचे आढावे काढणारी संस्था. तिच्या आढाव्यांनी सरसकट गोळ्या वाटल्याने मुलांचं सरासरी वजन, हिमोग्लोबिन किंवा बुद्धी यांत फारसा फरक दिसत नाही असंच म्हटलं आहे. उत्तर प्रदेशात तब्बल दहा लाख लहान मुलांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दर सहा महिन्यांनी गोळी देऊनही तिथे बालमृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.

हे सगळं मेसेजवाल्याला माहीत असतं तर त्याने ते नक्की लिहिलं असतं. मीच लिहितो, कारण लपवून फायदा नाही.

आता ‘सरासरी’ म्हणजे काय ते बघा. समजा एका आश्रमशाळेत १०० मुलं आहेत. पोटात जंतांचा मोठा भार असलेली त्यांतली १०. गोळीने त्या दहांचं वजन एकेक किलोने वाढलं आणि बाकी नव्वदांना काहीच झालं नाही, तर सरासरी वाढ निघते १०० ग्रॅम. कागदावर हा आकडा ‘फरक नाही’ या खात्यात जातो. आधी तपासणी करून, जंत सापडलेल्या मुलांनाच गोळी दिली असे काही थोडे प्रयोग कॉक्रेनच्याच २०१५ च्या आढाव्यात आहेत. तिथे वजनात पाऊण किलोच्या आसपास वाढ दिसली. तो पुरावाही दुबळा आहे, हे त्यांनीच नोंदवलंय. उत्तर प्रदेशातल्या अभ्यासातही संसर्ग मुख्यतः हलकाच होता.

म्हणजे ‘सगळ्यांना गोळी वाटणं हा पैशाचा सर्वोत्तम उपयोग आहे का’ यावर शास्त्रज्ञ भांडतात. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याने गोळी घेऊ नये, असं त्यांच्यापैकी कोणीही म्हटलेलं नाही. मेसेज पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली चिकटवतो.

माझी स्वतःची तक्रार वेगळीच आहे. गोळी वाटून फोटो काढले की काम संपलं, असा जो भाव सरकारी पातळीवर असतो तो मला खटकतो. गोळीनंतर वर्षभरात गोलकृमीचं प्रमाण जवळपास पूर्वपदावर येतं, अंकुशकृमीचं निम्म्याहून थोडं वर, असं अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. एका गोळीने गोलकृमी बहुतेकांचे जातात, अंकुशकृमी पाचांतल्या चौघांचे, पण चाबूककृमी जेमतेम तिघांतल्या एकाचे. संडास, पाणी आणि पायात चप्पल हे जोवर नाही तोवर गोळी दर सहा महिन्यांनी द्यावी लागणार. मात्र ‘गोळी देऊ नका’ म्हणणारे पालाजवळ संडास बांधून देत असल्याचं अजून पाहिलेलं नाही.

‘गरोदर बाईने घेतली तर गर्भ पडतो’

यातला खरा तुकडा: पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल, म्हणजे हीच जंताची गोळी, देत नाहीत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोठ्या मात्रेने गर्भात दोष दिसले होते, म्हणून ही खबरदारी. नियम मोडून कोणी देत असेल तर त्याला जरूर अडवा.

पण चौथ्या महिन्यापासून? ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीत ४०० मिलिग्रॅमची एक गोळी ठरलेली आहे. श्रीलंकेत सात हजारांवर बाळंतपणांचा अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये छापून आला. त्यात औषध मेबेंडाझोल होतं, अल्बेंडाझोलचं सख्खं भावंड. औषध घेतलेल्या बायकांच्या बाळांत मोठे जन्मजात दोष १.८ टक्के, न घेतलेल्यांत १.५ टक्के, संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नाही. उलट मृतजन्म आणि जन्माच्या आसपासचे मृत्यू मिळून १.९ टक्के विरुद्ध ३.३ टक्के, म्हणजे औषध घेतलेल्यांत कमी. नेपाळमधल्या सर्लाही जिल्ह्यात, गर्भारपणात अल्बेंडाझोलचे दोन डोस मिळालेल्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी ५९ ग्रॅमने जास्त भरलं आणि सहा महिन्यांच्या आतले मृत्यू ४१ टक्क्यांनी कमी दिसले. तिथे बायका चिठ्ठ्या टाकून गटांत विभागलेल्या नव्हत्या, म्हणून तो आकडा मी डोळे झाकून मिरवणार नाही. पण ‘गर्भ पडतो’च्या तो नेमका उलट्या दिशेने जातो.

आणि न घेण्याची किंमत काय? हिशेब करू. अंकुशकृमीच्या एका जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलिलिटर रक्त खातो, दुसऱ्या जातीचा त्याच्या पाचपट किंवा जास्त. कमी खाणारी जात धरू. पोटात असे १०० जंत असतील तर दिवसाला ३ मिलिलिटर. चार महिन्यांत ३५० च्या वर, म्हणजे रक्तपेढीच्या एका पिशवीएवढं. बाईचं हिमोग्लोबिन १० असेल तर या ३ मिलिलिटरबरोबर रोज सुमारे १ मिलिग्रॅम लोह जातं. थोडंफार आतडं परत शोषून घेतं, बाकीचं शौचावाटे बाहेर. भाकरी, डाळ, भाजीच्या जेवणातून अंगी लागणारं लोह दिवसाला जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम. गरोदरपणाची एकूण गरज सुमारे १००० मिलिग्रॅम. आशाताई लोहाच्या १८० गोळ्या मोजून देते, त्यांतलं किती बाळाला पोचतं आणि किती जंताला, हे आता तुम्हीच काढा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. हे सगळं जंतांमुळे नाही. आहार, लागोपाठची बाळंतपणं, सिकलसेल ही कारणंही आहेत. पण ज्या बाईच्या साठ्यात काहीच शिल्लक नाही तिच्यासाठी रोजचा एक मिलिग्रॅम क्षुल्लक नसतो. कॉक्रेनच्या २०२१ च्या आढाव्यातही दुसऱ्या तिमाहीतल्या गोळीने आईचा रक्तक्षय थोडा कमी होत असावा असा निष्कर्ष आहे. बाळाच्या वजनावर ठोस परिणाम मात्र दिसला नाही.

‘जंत प्रतिकारशक्ती वाढवतात’

अर्धवट ऐकलेली खरी गोष्ट. जंत आपल्या शरीराची प्रतिक्रिया मंदावतात, स्वतः टिकून राहण्यासाठी. त्याचा आडफायदा म्हणून काही ॲलर्जी कमी दिसतात. युगांडातल्या एंटेबे इथे सुमारे अडीच हजार गरोदर बायकांवर झालेल्या प्रयोगात, अल्बेंडाझोल घेतलेल्या आयांच्या बाळांना इसब जास्त झाला. हा निष्कर्ष सांगितलाच पाहिजे. त्याच प्रयोगात बाळांच्या लसींवर गोळीचा बरावाईट परिणाम दिसला नाही. सरासरी रक्तक्षयही घटला नाही. ज्यांना अंकुशकृमीचा भार मध्यम ते जड होता त्यांना तेवढा थोडा फायदा झाला. पुन्हा तेच: सरासरी एक सांगते, भार असलेली बाई दुसरं. इसबावर मलम असतं. हिमोग्लोबिन ६ वर येऊन बाळंत होणाऱ्या बाईच्या रक्तस्रावावर इतकं सोपं काही नसतं.

‘मुलं चक्कर येऊन पडली’

पडतात, मळमळतात, पोटात दुखतं. जास्त जंत असतील तर हे जास्त होतं आणि बहुधा काही तासांत थांबतं. एक मूल रडलं की वर्गातली आणखी चार रडतात, हेही शिक्षकांना ठाऊक आहे. खरा धोका वेगळा: लहान मुलाच्या घशात अख्खी गोळी अडकणं. म्हणून एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी गोळी, तीही कुटून पाण्यात. मोठ्यांनी चावून खायची. मुलाला फिट येत असतील किंवा त्या दिवशी ताप असेल तर आधी डॉक्टर, मग गोळी.

‘घरचं वावडिंग द्या’

वावडिंगाचं पाणी आपल्याकडे तान्ह्या बाळालाही पाजतात, त्यामुळे ते निरुपद्रवी असा समज पक्का. पण आयुर्वेदातल्या पिप्पल्यादि योगात, म्हणजे त्या नावाच्या औषधी मिश्रणात, वावडिंग, पिंपळी आणि टाकणखार असतात, आणि तो योग गर्भ राहू नये म्हणून दिला जातो. गर्भपाताची भीती घालून गरोदर बाईला गोळीपासून दूर लोटायचं आणि त्याच मेसेजात घरादाराला वावडिंग सुचवायचं! लिहिणाऱ्याने वैद्यांनाही विचारलेलं दिसत नाही.

पपईच्या बियांचा उल्लेख काही ग्रुपांवर जोडलेला असतो. नायजेरियात ६० मुलांवरच्या एका छोट्या प्रयोगात मधातल्या पपईच्या बियांनी बरे निकाल दिले होते. साठ मुलं. गरोदर स्त्रिया त्यात नव्हत्या.

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून आहे, फेऱ्या सहसा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला. गोळी सक्तीची नाही. नको असेल तर वर्गशिक्षकांना सांगता येतं. त्या दिवशी मूल आजारी असेल तर पुढच्या काही दिवसांत राहिलेल्या मुलांसाठी वेगळा दिवस ठेवलेला असतो. गरोदर बाईने मात्र त्या तारखांची वाट बघायची नाही. चौथा महिना लागला की तपासणीला जाताना सिस्टरला विचारायचं, आणि त्याच वेळी हिमोग्लोबिन किती आहे तेही कार्डावर लिहून घ्यायचं.