तुला काय वाटलं रे?

शनिवारी रात्री साडेनऊला जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला की आमच्याकडे सगळे हॉलमधे गोळा होतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. म्हणजे सिनेमा बघायचा कंटाळा आहे असं नाही, मी कुठलाही बघतो, रडका बघतो, लव्हस्टोरी बघतो, एकदा तर विजेवर चालणाऱ्या मोटारींची अर्ध्या तासाची जाहिरात सिनेमा समजून बघितलीय. भीती असते ती शेवटची नावं वर सरकायला लागली की आई आणि बायको दोघी एकदमच माझ्याकडे वळून जो प्रश्न विचारतात त्याची. तुला काय वाटलं रे?

आता बाहेरच्याला वाटेल यात काय एवढं. अहो, आमच्याकडे सिनेमाबद्दलचं मत हे सिनेमाबद्दल नसतंच, ती जबानी असते. सासू जरा जास्तच खाष्ट दाखवलीय म्हणालो तर आईला टोमणा, सून आगाऊ होती म्हणालो तर बायको दोन दिवस नुसती 'हं'वर. फोटोग्राफी छान होती असं म्हणून मी तीनदा सुटलो, चौथ्यांदा बायको म्हणाली, फोटोग्राफी सोडून बोल.

मागे टीव्हीवर 'माहेरची साडी' लागला होता. 1991चा, विजय कोंडकेंचा. आईने हा साताऱ्यात थेटरात तीनदा बघितलेला, शेजारणींसोबत, घरून रुमाल घेऊन. त्यामुळे अलका कुबलच्या डोळ्यात पाणी यायच्या आधीच आईच्या डोळ्यात येतं, पाठच आहे ना सगळं. बायको बाजूला बसून शेंगदाणे खात होती, तिला रडके सिनेमे बघून हसू येतं, आणि ते ती दाबते तेव्हा जास्त ऐकू येतं. तर पडद्यावर उषा नाडकर्णींनी सुनेचा छळ अगदी ऐन रंगात आणलेला आणि आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "माहेरची ओढ काय असते ते बाईच्या जातीलाच कळतं गं."

बायको शेंगदाण्याचं साल फुंकत म्हणाली, "हो ना आई. म्हणूनच यंदा मी भाऊबीजेपर्यंत थांबत नाही, पाडव्यालाच जाते."

आईचा पदर डोळ्यापाशीच राहिला. नेमकी तेव्हाच धुण्याच्या पावडरची जाहिरात लागली आणि एक बाई ओरडून सांगायला लागली की डाग कसे जातात. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो टाकीत पाणी चढलंय का बघून येतो, आणि गच्चीवर गेलो. टाकी सोसायटीची आहे, ती बघायला वॉचमन आहे, हे घरात सगळ्यांना माहितीये.

बरं बायकोच्या पसंतीचा लावला तर सुटका होते असंही नाही. तिचा लाडका 'मुंबई-पुणे-मुंबई', 2010चा, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते, मुलगा भेटत नाही, दुसराच एकजण दिवसभर पुणं दाखवत फिरतो आणि शेवटी कळतं की हाच तो. बायकोला हा इतका आवडतो की तिला संवाद पाठ आहेत आणि ती ते मुक्ताच्या अर्धा सेकंद आधी म्हणते. पोरगी अकरावीत आहे, ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "दिवसभर तो तिच्याशी खोटं बोलतोय मम्मा, रेड फ्लॅग." आईला एकच काळजी, "अगं एवढ्या उन्हात हिंडतायत, पोरगी सकाळपासून जेवलीय का?"

आणि बाबा. बाबा पाटबंधारे खात्यात आस्थापना शाखेला होते, उभी हयात रजेचे अर्ज बघण्यात गेली. त्यांना लव्हस्टोरीत हिरोइन दिसत नाही, रजेचं खातं दिसतं. "कामाचा दिवस दिसतोय. हा हापिसात जात नाही?"

"बाबा, रोमँटिक आहे तो सिनेमा."

"असू दे की. किरकोळ टाकली असेल तर ठीक, पण साहेबाला कळवलंय का?"

(आमच्या आत्याकडे दर लग्नसराईत 'हम आपके हैं कौन' लागतो, 1994चा, गाणी चौदा, तिथे काका त्याला 'दुसऱ्याच्या लग्नाची कॅसेट' म्हणतात आणि आत्या त्यांना स्वयंपाकघरात पाठवते. बाबांचं मत असं की त्या बंगल्यात काम करणारा एकटा तो टफी कुत्रा, क्रिकेटला अंपायर तोच, शेवटी चिठ्ठी पोचवतो तोच, बाकी सगळे रजेवर.)

तर मुंबई-पुणे संपला आणि बायको डोळ्यात चांदणं आणून म्हणाली, "किती गोड ना. तुला काय वाटलं रे?" मी खरं म्हणजे सावध होतो, छान आहे म्हणालो, तेवढ्यावर थांबायचं ना, पण नाही, म्हणालो, असं दिवसभर कोण फिरतं पण. संपलं. आमच्या बघण्याच्या कार्यक्रमात आम्हाला गॅलरीत जी वीस मिनिटं मिळाली त्यातली पंधरा बाबांनी येऊन कोयनेच्या गाळाबद्दल सांगण्यात घालवली, हे इतक्या वर्षांनी माझ्या नावावर जमा झालं.

2023च्या पावसाळ्यात 'बाईपण भारी देवा' आला. केदार शिंदेंचा, सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा. सोसायटीतल्या सोळा बायका नऊवारी आणि वर गॉगल अशा निघाल्या, त्यात आई पण आणि बायको पण, मी ड्रायव्हर. गाडी लावून आत पोचेपर्यंत अंधार झालेला, मला कोपऱ्यातली शीट मिळाली, आख्ख्या रांगेत मी आणि एक आजोबा, त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, काय बोलणार. गाणं लागलं तसं पुढच्या मोकळ्या जागेत बायकांनी फेर धरला, चक्क फुगड्या, आणि त्यात बघतो तर आमची आई, जिला डॉक्टरांनी खाली बसू नका सांगितलंय. तिचे हात बायकोच्या हातात. दोघींचे गॉगल नाकावरून घसरलेले. दुसऱ्या भागात एक रडायची आणि दुसरी तिच्याकडे रुमाल द्यायची, मग ती रडायची आणि तोच रुमाल परत.

माझं इकडे सिनेमाकडे निम्मंच लक्ष, मी जबानी तयार करत होतो. यात सासू-सून असं थेट फार नाही, बहिणी आहेत, म्हणजे सेफ, अभिनय सगळ्यांचाच छान, कोणा एकीचं नाव घ्यायचं नाही, फोटोग्राफी हा शब्द काढायचा नाही.

गाडीत दोघी मागे बसल्या. मी आरशात बघतोय. आई धाकट्या मावशीचं काहीतरी सांगत होती, कुठल्या तरी पाटल्यांवरून दोघी बोलत नाहीत ते, बायको "मग तुम्हीच करा ना आई फोन" म्हणत होती, मग आवाज खाली गेला, मग एकदम दोघी हसल्या. सिग्नल गेला, दुसरा गेला, पूल आला. कोणी काही विचारेना.

शेवटी मीच घसा साफ केला. म्हणालो, "मला आवडला बरं का. सहाही जणींचं काम..."

"तू पुढे बघ रे," आई म्हणाली, "खड्डा आहे."