काचेचं काय घेऊन बसलात, पाटीचं बोला

सर्वप्रथम तुमचं अभिनंदन. कॅथेड्रलच्या, म्हणजे बिशपची गादी असलेल्या मोठ्या चर्चच्या, जुन्या रंगीत काचा वाचवण्यासाठी नेमलेल्या निधी समितीत तुमची वर्णी लागली, म्हणजे गावात तुमच्या शब्दाला वजन आहे आणि संध्याकाळी तुम्हाला उद्योग नाही, या दोन्ही गोष्टी एका फटक्यात सिद्ध झाल्या. आता एवढं एकच पथ्य पाळा. काच बघायला जाऊ नका.

लांबून बघा, हवं तर. लांबून सगळ्याच काचा सुंदर दिसतात, माना वर करून ‘वा’ म्हणायचं आणि चहाला जायचं. धोका आहे तो जवळ जाण्यात. इंग्लंडमधल्या यॉर्कचं मिन्स्टर घ्या. नाव मिन्स्टर असलं तरी ते कॅथेड्रलच, आर्चबिशपची गादी तिथे आहे. त्याची पूर्वेकडची मोठी खिडकी टेनिसच्या मैदानाएवढी. ३११ तावदानं, आणि त्यांत बायबलमधल्या सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या शेवटापर्यंत सगळं. असलं एखादं तावदान खाली उतरवून कार्यशाळेत उजेडाच्या टेबलावर ठेवलं की एखाद्या देवदूताच्या गालावरून गेलेली शिशाची काळी पट्टी दिसते. चित्रकाराने ती काढलेली नाही. कधीकाळी काच तडकली, त्या वेळच्या कारागिराने दोन तुकडे शिशाच्या पट्टीत बसवून डाख दिला. पुढे आणखी एक तडा, आणखी एक पट्टी. होता होता चेहऱ्याचं रेल्वे जंक्शन झालं. आता संवर्धन करणारी बाई ती पट्टी सोडवते, कापसाच्या बोळ्याने कडा पुसते, दोन तुकडे पारदर्शक गोंदाने असे जोडते की सांधा शोधावा लागतो, आणि कित्येक पिढ्यांनी तो देवदूत समोर बघतो. त्याने तुमच्याकडे बघितलं की तुम्ही संपलात. मग सभेत तुम्ही काचेबद्दल बोलू लागाल आणि तुमच्या शेजारचे सभासद खुर्ची हळूच सरकवतील.

दुसरं पथ्य शब्दांचं. ‘शिसं’, ‘ओल’ आणि ‘राख’ हे तीन शब्द देणगीदारासमोर काढायचे नाहीत. खरं काय आहे ते तुम्हाला म्हणून सांगतो. मध्ययुगात काच करताना लाकडाची राख घालत. त्यामुळे काचेत पोटॅश भरपूर राहतं आणि ओल लागली की ते पाझरून बाहेर येतं. मग काचेला खळगे पडतात, वर पांढरट खपली धरते, आतल्या बाजूने रंगवलेल्या रेषा सुटू लागतात. आतल्या माणसांचा श्वास आणि बाहेरची थंडी यांच्यामध्ये काच रोज रात्री घामेजते. शिशाच्या पट्ट्याही साधारण शंभर-सव्वाशे वर्षांत थकतात. हे सगळं ऐकून कोण खिशात हात घालणार? देवळाच्या कळसाला सोनं द्यायला रांग लागते, पन्हाळीच्या दुरुस्तीला कोणी पुढे येत नाही. तेव्हा पत्रकात ‘वारसा’, ‘प्रकाश’ आणि ‘भावी पिढ्या’ एवढंच छापा. भावी पिढ्या सभेला येत नाहीत, त्यामुळे त्या कशालाही हरकत घेत नाहीत.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे पाटीवर.

आपल्याकडच्या मंगल कार्यालयातला पंखा तुम्ही पाहिलाच आहे. एका पात्यावर ‘कै.’, दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’. पंखा लावला तर वारा येतो आणि नाव जातं, बंद केला तर नाव दिसतं आणि मुंडावळ्यांखाली नवरदेव घामाने निथळतो. यजमानाने काय निवडायचं हा त्याचा प्रश्न, देणगीदाराचं मत आधीच ठरलेलं असतं. हे फक्त आपल्याकडेच चालतं असं वाटून कमीपणा घेऊ नका. यॉर्कच्या त्या पूर्वेच्या खिडकीचे पैसे दिले डरहॅमचे बिशप वॉल्टर स्कर्लॉ यांनी. खिडकीच्या सगळ्यात खालच्या रांगेत, बरोबर मध्यभागी, वेदीपुढे गुडघे टेकून कोण बसलंय? बिशप स्कर्लॉ. वर जग बुडतंय, सात डोक्यांचा पशू वर येतोय, आणि खाली देणगीदार आपल्या जागी नीट बसलेले.

ती खिडकी बनवली कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्नटनने. करार १४०५ चा, मुदत तीन वर्षं, आणि वेळेत काम पुरं केल्याचे दहा पौंड धरून सगळी मजुरी ५६ पौंड. गडी १४०८ ला मोकळा झाला. आपलं सांकेतिक नाव आणि साल त्याने खिडकीच्या अगदी वरच्या टोकाला घातलं, जिथे दुर्बिणीशिवाय ते कोणाला दिसणार नाही. देणगीदार खाली डोळ्यांसमोर, कारागीर वर आढ्याशी. सहाशे वर्षांपूर्वी ज्यांना हे कळत होतं, त्यांना निधी जमवण्याचा धडा आपण काय देणार? फक्त एक खबरदारी घ्या. स्कर्लॉ १४०६ लाच वारले, खिडकी पुरी व्हायच्या दोन वर्षं आधी. तेव्हा वयस्कर देणगीदाराचा धनादेश आधी वटवून घ्या, पाटीवरच्या मजकुराचा मसुदा मागाहून दाखवा.

मुंबईकरांना हे सांगायलाच नको. विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपये दिले आणि मनोऱ्याला आईचं नाव मिळालं. राजाबाई टॉवर म्हटलं की सगळ्यांना घड्याळ आठवतं, राजाबाई आठवतात. खाली ग्रंथालयात रंगीत काचा आहेत हे तिथे परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत बसलेल्यालाही नंतर आठवत नाही. मी तरी या बाबतीत राजाबाईंच्या मुलाच्याच बाजूचा आहे. आईसाठी टॉवर बांधणाऱ्याला हसण्याआधी आपण आपल्या आईसाठी काय बांधलं याचा हिशेब करावा लागतो, आणि तो मला परवडत नाही.

घाई मात्र करू नका. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलचा पाया १६७६ मध्ये घातला, गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांच्या काळात. पुढच्याच वर्षी ऑन्जियर गेले आणि अर्ध्यावर आलेल्या भिंती सुमारे चाळीस वर्षं तशाच उभ्या राहिल्या. मग रिचर्ड कॉब नावाचे धर्मगुरू आले, त्यांनी लोकांच्या मागे लागून पैसे उभे केले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. याच चर्चमुळे किल्ल्याच्या दरवाजाला चर्चगेट नाव पडलं आणि आज त्या नावाच्या स्टेशनवर लोक एकमेकांना ढकलतात. सांगायचा मुद्दा, चाळीस वर्षं भिंत अर्धी राहिली तरी कोणी समितीचं काही वाकडं करत नाही. कॉबसारख्या उत्साही माणसाला समितीत घेतलंत तर मात्र कामाचा निकाल लागतो.

याहून घातक उदाहरण यॉर्कमध्येच आहे. मिन्स्टरच्या उत्तर बाजूला ‘फाइव्ह सिस्टर्स’ म्हणून पाच उंच, अरुंद खिडक्या आहेत, तेराव्या शतकातल्या, राखाडी-हिरवट काचेच्या, एक लाखाहून जास्त तुकड्यांच्या. पहिल्या महायुद्धानंतर हेलन लिटल नावाच्या बाईंच्या मनाने घेतलं की युद्धात कामी आलेल्या बायकांचं स्मारक कुठेच नाही, तर या खिडक्या दुरुस्त करून त्याच त्यांचं स्मारक करायच्या. आल्मायरा ग्रे यांना सोबत घेऊन त्यांनी फक्त बायकांकडे पैसे मागितले. एकेका बाईने जमेल तेवढं दिलं, आणि नऊ आठवड्यांत तीन हजार पौंड जमले. नऊ आठवडे! समितीचं बोधचिन्ह ठरायला याहून जास्त वेळ लागतो. दहाव्या आठवड्यात त्या बाईंनी काय केलं असेल, याचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो.

पुढे तर कहर आहे. खिडक्यांच्या दुरुस्तीसाठी शिसं आणलं ते रीव्हो इथल्या पडक्या मठातून. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मठ बंद पाडले तेव्हा छपराचं शिसं वितळवून लाद्या पाडल्या होत्या, त्या ढिगाऱ्याखाली गाडल्या गेल्या आणि चारशे वर्षांनी खोदकामात सापडल्या. राजाने देवाच्या घरातून काढलेलं शिसं पुन्हा देवाच्या घरी लागलं, आणि त्यात निविदा नाही, ठेकेदार नाही, दिव्यांची आरास नाही. १९२५ मध्ये अनावरण झालं. जवळच लाकडी पडद्यावर चौदाशेहून जास्त बायकांची नावं आहेत, आणि ती सगळी मेलेल्यांची. पैसे देणाऱ्या बायका आपली नावं घालायला विसरल्या. अशी माणसं समितीत शिरू देऊ नका, बाकीच्यांना त्रास होतो.

तुम्ही रीतसर जा. आधी चर्चच्या दारात लाकडी थर्मामीटर उभा करा, तिकडची जुनी पद्धत आहे. पैसे जमतील तसा लाल रंगाचा पारा वर चढवायचा. पारा पहिल्या महिन्यात गुडघ्यापर्यंत येतो आणि तिथेच मुक्काम करतो. मग पावसाने रंग उडतो. थर्मामीटरची डागडुजी हा समितीचा पहिला पूर्ण झालेला प्रकल्प म्हणून अहवालात दाखवता येतो. त्यानंतर भोजन ठेवा. लांब टेबलं, मेणबत्त्या, तिकीट जबर. भोजनाचा खर्च वजा जाता जे उरेल ते काचेला, असं छापा. ‘वजा जाता’ हे शब्द बारीक टाइपात घ्या.

मोठी रक्कम कुठून येते हेही जाणून ठेवा. पूर्वेच्या खिडकीचं काम २००८ ते २०१८ असं दहा वर्षं चाललं, खर्च सुमारे एक कोटी पंधरा लाख पौंड. यॉर्कच्या ज्या मोठ्या प्रकल्पात ते होतं त्याला भरघोस मदत मिळाली सरकारी लॉटरीच्या वारसा निधीतून. म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात तिकीट घेऊन ज्यांचा नंबर लागला नाही, त्या लाखो हरलेल्या माणसांनी मिळून जगाच्या अंताचं चित्र वाचवलं. आत प्रवचनात जुगार वाईट, बाहेर फलकावर लॉटरीचं चिन्ह. यात विसंगती शोधत बसू नका, रक्कम मोजा.

कशानेच जमलं नाही तर आपत्तीची वाट बघा. ९ जुलै १९८४ च्या पहाटे यॉर्क मिन्स्टरच्या दक्षिण भागाला आग लागली, छप्पर कोसळलं, जगभर बातमी झाली. आगीच्या बातमीएवढं बोलकं पत्रक कुठलीच समिती काढू शकत नाही. पण तिथेही माशी शिंकली. त्या भिंतीत वर गोल, गुलाबाच्या आकाराची खिडकी होती. तिच्या साधारण सात हजार तुकड्यांना सुमारे चाळीस हजार तडे गेले आणि तरी खिडकी जागेवर उभी राहिली. कारण १९७० च्या सुमारास कोणीतरी तिची थकलेली शिशाची चौकट काढून नवी घातली होती. त्या कामाचं भोजन झालं की नाही देव जाणे. नव्या शिशाने तापलेले तुकडे धरून ठेवले, मग ते एकेक चिकटवून दोन पारदर्शक काचांच्या मध्ये बसवता आले. वेळेवर दुरुस्ती केली की अशी पंचाईत होते. खिडकी पडली असती तर नव्या खिडकीवर किमान पंधरा नावं बसली असती.

आता शेवटचं, म्हणजे संरक्षक काचेचं. पूर्वेच्या खिडकीला बाहेरून अतिनील किरण अडवणारी दुसरी काच लावली आहे, मध्ये हवा खेळती ठेवून. ऊन, वारा, पाऊस ती झेलते, जुनी काच आत कोरडी राहते. हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च, आणि देणगीदाराच्या दृष्टीने सगळ्यात निरुपयोगी, कारण ती काच न दिसणं हेच तिचं काम. ‘या न दिसणाऱ्या काचेचे दाते’ अशी पाटी कुठे लावणार? कोणी विचारलंच तर विषय पुढच्या सभेवर ढकला.

त्यापेक्षा मुख्य पाटी घ्या. पितळी, चार फूट बाय तीन, दरवाजातून आत आल्याबरोबर नजर जाईल अशी. नावांचा क्रम रकमेप्रमाणे की वर्णानुक्रमे यावर तीन सभा जातील, जाऊ द्या. पितळ काळवंडतं, येणारेजाणारे नावांवर बोटं फिरवतात, मग महिन्याला पॉलिश आलं, पॉलिशला माणूस आला, माणसाला पगार आला. त्याला वेगळा निधी लागेल आणि तो जमवायला उपसमिती, तिच्या अध्यक्षपदासाठी तुमचं नाव मी सुचवतोच. दरम्यान पाटीवर एक काच बसवून घ्या. साधीच घ्या, रंगीत फार महाग पडते.