गोकाकचा गेंडा आणि ०.१ चं पेन

जीवाश्मांची, म्हणजे दगड होऊन राहिलेल्या जुन्या जीवांची, चित्रं काढतो असं बेळगावात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "जीवाश्म म्हणजे पेट्रोल न्हवं काय ओ?" शाळेतलं 'जीवाश्म इंधन' तेवढं डोक्यात राहिलेलं असतं. दुसरा प्रश्न, "ह्याचे पैसे किती मिळतात?" या दुसऱ्याचं उत्तर फार सोपं आहे.

मुलूखही आम्हाला साथ देत नाही. निपाणी-चिकोडीकडचा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. दोन लाव्हांच्या मधे गाळाचा थर सापडला तर काही आशा, नाहीतर आत कोण बसणार? गोकाककडे वालुकाश्म लागतो, पण तो इतका म्हातारा की त्या काळी हाडं असलेला प्राणीच जन्माला आलेला नव्हता. त्यावर लाटांच्या खुणा मिळतात, आणि त्यांना बघून 'दगड झालेला नाग' म्हणणारे भाविकही. पुढे बागलकोटच्या बाजूला, लोकापूरच्या चुनखडीत, स्ट्रोमॅटोलाइट आहेत: सूक्ष्म जीवांच्या थरांवर थर बसून झालेले, कोबीचा गड्डा मधोमध कापल्यासारखे दिसणारे. वय शंभर कोटी वर्षांच्या वर. चित्र काढून दाखवलं की घरचे म्हणतात, "कोबी बरा काढलायस."

त्यामुळं लोक आम्हाला जीवाश्म पुरवतात ते शहाबादी फरशीतून. फरशीच्या फुटक्या तुकड्यावर काळं, नाजूक झुडूप उमटलेलं असतं आणि आणणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचं तेज. ते झाड नसतं. भेगेत झिरपलेल्या पाण्यातलं मँगनीज तिथं फांद्या फुटल्यासारखं साचतं, त्याला डेंड्राइट म्हणतात. खरं नेचाचं पान असेल तर मधली शीर दिसते आणि पानं तिच्या दोन्ही बाजूंना शिस्तीत लागलेली असतात. डेंड्राइटला मधली शीर नाही, शिस्त नाही, आणि तो कडेच्या भेगेतून आत वाढत येतो. हे समजावून सांगितल्यावर माणूस फरशी परत घेऊन जातो, आणि बहुधा पुन्हा चहाला बोलवत नाही.

मग उरतो तो देवघरातला शाळिग्राम. नेपाळातल्या काळी गंडकीच्या खोऱ्यातून येणारा हा काळा गोटा, आणि आतलं 'चक्र' म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा शंख. नमुना उत्तम, पण तो देव आहे. त्याला लिंबासारखा फिरवून बघायचा नाही, आणि आंघोळीशिवाय तर हातही लावायचा नाही.

चित्रात सगळ्यांचा घात होतो तो याच चक्रात. नवखा माणूस हमखास चकली काढतो. चकलीचा वेढा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा. सोऱ्याचं भोक बदलत नाही ना! अमोनाइट मात्र वाढत जाणारा प्राणी, त्याचा प्रत्येक वेढा आधीच्यापेक्षा रुंद. म्हणून कंपास बाजूला ठेवा. मध्यबिंदूतून एक उभी, एक आडवी रेघ मारा आणि डिव्हायडरनं दर पाव वेढ्याचं अंतर मोजा. समजा १० मिमी, मग १२, १४.४, १७.३, २०.७. प्रत्येक वेळी साधारण १.२ पट. म्हणजे एका वेढ्यात अंतर दुप्पट. हे पाच बिंदू आधी टाकून मग हात फिरवला की शंख होतो. नाही टाकले की दिवाळी.

उजेड डावीकडून वरून हवा. शास्त्रीय चित्रांची ही जुनी रीत. उलटीकडून आला तर बघणाऱ्याला खळगा फुगवट्यासारखा दिसतो. टेबललँप डावीकडे खाली झुकवला की बारीक कंगोरेसुद्धा सावली टाकतात. तरी दगडाचे डाग डोळ्याला फसवतात. त्यावर उपाय म्हणजे नवसागर. तोच, कल्हईवाल्याचा. काचेच्या नळीत चिमूटभर घालून तापवायचा आणि धूर रबरी फुगा दाबून नमुन्यावर हळू सोडायचा. दगडावर पांढरा पातळ थर बसतो, डाग झाकतात, नुसता आकार उरतो. धूर घशाला लागतो म्हणून हे गच्चीवर, मास्क लावून. तेवढ्यात शेजारची गच्ची विचारतेच, "काय ओ, दगडाला पावडर लावायलायसा?" बेळगावच्या जुलैत तर हा खटाटोप करूच नये: नवसागर ओल धरतो, थर विरघळतो, दगड घामेजल्यासारखा होतो. काम झाल्यावर तो पुसायला विसरू नका. चुनखडीवर ओला राहिला तर दगड खातो. भुसभुशीत नमुन्याला तर लावूच नका. आणि शाळिग्रामाला लावायचा विचार असेल तर आधी राहायची दुसरी सोय बघा.

आता ठिपके. सावली रेघांनी नाही, ठिपक्यांनी भरायची, कारण रेघ दगडावरच्या खऱ्या कंगोऱ्याची वाटू शकते. हौशी माणूस दुकानातून अगदी बारीक, ०.१ मिमीचं पेन आणतो. चित्र दुप्पट आकारात काढायचं असतं, छापताना निम्मं होतं, आणि ०.१ चा ठिपका ०.०५ होऊन गायब. दोन महिन्यांची सावली छापखान्यात उडाली! ठिपक्यांना ०.२ किंवा ०.३ घ्या. पेन उभं धरा. पाऊण तास झाला की हात कलतो आणि ठिपक्यांना शेपट्या फुटतात. भिंगातून बघितलं तर कागदावर बेडकाची पिल्लं. तिथंच थांबायचं. हाताखाली कोरा कागद ठेवायचा, नाहीतर घामानं शाई पसरते. आणि 'दुप्पट आकार' असं न लिहिता शेजारी सेंटिमीटरची पट्टी काढायची, म्हणजे चित्र कितीही लहानमोठं झालं तरी पट्टी त्याच्याबरोबर लहानमोठी होते.

एवढं साधलं की मोह होतो गेंड्याचा. होय, आमच्या गोकाकजवळ गेंडा होता! रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकानं त्याचे अवशेष शोधले आणि १८७४ मध्ये त्याला 'ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस' असं नाव दिलं. जबडा आणि दात बघून डोक्याचा अंदाज बांधता येतो. उंच दात गवत चावायला, बुटके पाल्याला, एवढंही सांगता येतं. शिंगाचं मात्र अवघड. ते हाडाचं नसतं, आपल्या नखाच्या जातीचं असतं, म्हणून मातीत कुजून जातं; कवटीवर खडबडीत उंचवटा सापडला तरच त्याची जागा कळते. आणि रंग तर पूर्ण आपल्या मनाचा.

पण चित्र पुढं ठेवलं की दाताबद्दल कुणी विचारत नाही. "शिंग एक की दोन?" इथून सुरुवात. मग गल्लीतल्या मंडळाचा सूर, "पुढच्या गणपतीला देखाव्यात करूया की, डोळ्यांत लाल लाईट टाकू." आणि शेवटी मागून कुणीतरी हळूच, "पण हा गेंडा मराठी की कन्नड?"

फूटसाहेबांनी नाव 'दख्खनचा' ठेवून आधीच अंग काढून घेतलं होतं. आता चित्राखालची ओळ कुठल्या भाषेत वर आणि कुठल्या भाषेत खाली लिहायची यावर चर्चा चालू आहे. तोवर आम्ही सेंटिमीटरची पट्टी काढून ठेवलीय.