शाळेला किट नको, प्राध्यापक द्या

आमच्या बेळगावच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सध्या खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेसाठी वर्गणी चालू आहे. दुबईवाल्यांना स्मार्ट बोर्ड द्यायचाय, पुणेकरांना विज्ञानाचं किट. मधूनच कुणीतरी विचारतं, पाच वर्षांनी ही शाळा राहणार आहे का? की गाडी थेट सीमावादावर, म्हणजे १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोग आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या दाव्यावर. त्या वादात माझंही मत आहे, सीमाभागातल्या मराठी घरात असतं तेच. पण निकाल लागेपर्यंत सहावीतल्या पोराचे अपूर्णांक थांबत नाहीत.

मी अमेरिकेत, ओहायोत सातवी-आठवीला गणित शिकवते. इथे २००२ च्या केंद्रीय शिक्षण कायद्यात गणित-विज्ञान भागीदारीसाठी अनुदान होतं. पैसा केंद्राचा, अर्ज मागवून निवड करायची राज्यांनी. अट अशी, की अर्जात एखाद्या कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा गणित, विज्ञान नाहीतर इंजिनिअरिंगचा विभाग हवा आणि ओढगस्तीच्या शाळा चालवणारं एक मंडळ हवं. बी.एड.वाल्यांना सोबत घेता येई, पण नुसत्या त्यांच्यावर भागत नसे. मला ती अट फार आवडायची. उन्हाळ्यात किमान दोन आठवड्यांचं शिबिर, आणि नंतर वर्ग चालू असताना पाठपुरावा.

आमच्या शिबिरातला एक प्रश्न लिटरमध्ये सांगते. एक लिटर दूध, माप पाऊण लिटरचं, किती मापं भरतील? एक भरून पाव लिटर उरतं, म्हणून पोरं बेधडक सव्वा लिहितात. भाजक उलटा करून गुणलं तर येतं एक पूर्णांक एक तृतीयांश. मग सव्वा का चूक? गणिताचे प्राध्यापक फळ्यावर सिद्धता मांडायला लागले. चौथीला शिकवणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या हातून खडू घेतला, आयत काढला, चार सारखे भाग केले. उरलेलं दूध लिटरचा चौथा भाग आहे खरं, पण मापाचा तिसरा. आणि आपण मोजतोय मापं! प्राध्यापक क्षणभर गप्प, मग म्हणाले, आता दूध अर्धाच लिटर घ्या, माप तेच. इथे बाई अडल्या, कारण एकही माप पुरतं भरत नाही. त्यावर अर्धा तास वाद रंगला. दोघांनाही एकमेकांची गरज होती, आणि त्या दोन आठवड्यांचं मानधन दोघांनाही मिळत होतं.

इथलं सगळं सोन्याचं नाही. शेवटी शेवटी अख्ख्या देशाला वर्षाला साधारण १५ कोटी डॉलर, म्हणजे एवढ्या मोठ्या देशात चिमूटभर. शिबिराआधी शिक्षकांची परीक्षा, शिबिरानंतर परत परीक्षा, अहवालांचा ढीग. २०१५ च्या कायद्याने ही योजनाच गुंडाळली, आणि बऱ्याच ठिकाणी पैशाबरोबर प्राध्यापकही गेले. शिवाय हा प्रयोग आपल्याकडे आधीच झालेला. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून मोठ्या संस्थांतले वैज्ञानिक खेड्यातल्या सहावी ते आठवीच्या शिक्षकांबरोबर बसून विज्ञानाचे धडे घडवत होते. १६ शाळांपासून सुरू झालेलं ते काम हजार शाळांच्या घरात गेलं आणि राज्य सरकारने २००२ मध्ये बंद केलं. अमेरिकेत अनुदान सुरू झालं तेच साल.

माझी मामेबहीण खानापूरकडेच शिकवते. किटचं विचारलं तर म्हणाली, ‘‘अगं, आहे की एक. कपाटात. चावी मोठ्या सरांकडे. फुटलं तर भरून द्यायचं कुणी?’’ प्रशिक्षण कन्नडमधून होतं, पण तिला कन्नड चांगलं येतं, तक्रार त्याची नाहीच. तक्रार अशी, की तिथे शंका विचारली की पुढची स्लाइड येते.

म्हणून वर्गणी माणसांवर खर्च करावी असं माझं म्हणणं. बेळगावात इंजिनिअरिंगचं अख्खं विद्यापीठ १९९८ पासून आहे, टिळकवाडीत जुनी कॉलेजं आहेत. महिन्यातून एका शनिवारी एका प्राध्यापकाने चार-पाच शाळांच्या शिक्षकांबरोबर बसायचं, त्याचं पेट्रोल आणि मानधन आपण द्यायचं, शिक्षकांचंही. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ज्या कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटींवर गेलाय, तिला २०१३ च्या कंपनी कायद्याने सरासरी नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चावेच लागतात. तिथेही विचारता येईल.

ग्रुपवर लगेच सूचना आली, प्राध्यापक कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून आणा, मराठीतून शिकवतील. भावना कळते. पण शंभरावर किलोमीटर लांबचा माणूस दर महिन्याला येणार नाही, आणि महाराष्ट्राचा पाहुणा म्हटलं की गणित बाजूला राहून दोन्हीकडचे पुढारी आधी पोहोचतील. त्यापेक्षा बेळगावचाच घ्या. मराठी भाषक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर कन्नड भाषक चालेल, माझ्या मामेबहिणीला कन्नड येतं आणि आयत दोन्हीकडे सारखाच. हे वाचून काही जण चिडतील, चिडोत.

खरी अडचण दुसरीच आहे. असल्या शनिवारांचे प्राध्यापकाच्या बढतीत फारसे गुण धरत नाहीत, त्यामुळे कॉलेजने हे काम म्हणून लेखी मान्य करायला हवं. सरकारी शाळेत पाय ठेवायला शिक्षण खात्याची परवानगी लागेल ती वेगळी. महसूल जिल्हा एक असला तरी शैक्षणिक जिल्हे दोन, बेळगाव आणि चिक्कोडी. खानापूर पहिल्यात, आणि मराठी शाळा असलेलं निपाणी दुसऱ्यात. दोन ऑफिसांच्या पायऱ्या एकदम चढण्यात अर्थ नाही. आधी खानापूरचा अर्ज करू, निपाणीचं पुढच्या जूनला बघू.